दिसणं आणि असणं : संगणकीय अक्षरजुळणीचा एक इतिहास

आजचा विषय वाचून काही जणांना वाटलं असेल की, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसानं छापखान्याच्या आणि संगणकाच्या भानगडीत कशाला पडावं? त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो. एखादी गोष्ट दिसते कशी आणि ती असते काय, हा आमच्या विषयातला फार जुना प्रश्न आहे. वर्गात आम्ही तो वर्षानुवर्षं शिकवतो आणि तास संपला की फळा पुसून बाहेर पडतो. संगणकावर मजकूर छापायची वेळ आली तेव्हा मात्र काही माणसांना या प्रश्नाचं उत्तर देऊन त्यावर चालणारी यंत्रणा बांधावी लागली. त्यांनी काय उत्तर दिलं, यावर आपण लिहिलेले कागद पन्नास वर्षांनी कोणाला वाचता येतील की नाही, हे ठरतं. त्या उत्तराचा हा इतिहास आहे.

सुरुवात जुन्या छापखान्यापासून करू. लेखकाचं हस्तलिखित आलं की ते तसंच जुळाऱ्याच्या हाती जात नसे. आधी कोणीतरी जाणकार त्यावर खुणा करायचा. हे शीर्षक, मोठ्या टाइपात, मधोमध. हा उतारा, दोन्ही बाजूंनी आत घ्या. हा शब्द तिरका. इंग्रजी छापखान्यांत या कामाला मार्किंग अप म्हणत. संगणकवाल्यांचा मार्कअप हा शब्द तिथूनच आलेला आहे. खूण हा मजकुराचा भाग नसतो, पण तिच्यावाचून मजकूर नीट पानावर येत नाही. जुळारी खूण वाचायचा, त्याप्रमाणे खिळे लावायचा, आणि छापलेल्या पानावर खुणेचा मागमूसही राहायचा नाही.

आता या खुणा दोन प्रकारच्या असू शकतात, आणि आजच्या व्याख्यानाचा सगळा डोलारा या फरकावर उभा आहे. एक खूण म्हणते, ‘ही ओळ चौदा पॉइंटात, ठळक, मधोमध घ्या.’ दुसरी खूण म्हणते, ‘हे प्रकरणाचं नाव आहे.’ पहिली ओळ कशी दिसावी ते सांगते. दुसरी ती ओळ काय आहे ते सांगते, आणि दिसण्याचा निर्णय दुसऱ्या कोणावर तरी सोपवते. छापून आल्यावर दोन्हींचा परिणाम एकच असू शकतो, म्हणून हा फरक शेकडो वर्षं कोणाला फारसा जाणवला नाही.

संगणक आला तेव्हा आधी पहिल्या प्रकारच्या खुणा आल्या. अमेरिकेत एमआयटीमध्ये जेरोम साल्टझर यांनी १९६४ मध्ये रनऑफ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. मजकूर साधा टाइप करायचा, आणि मधेमधे टिंबानं सुरू होणाऱ्या ओळीत आज्ञा द्यायची. इथे जागा सोड, इथे नवं पान घे. याच घराण्यातले पुढचे प्रोग्रॅम बेल प्रयोगशाळेत तयार झाले. युनिक्स ही प्रणाली सगळ्यांनी ऐकलेली असते. पण १९७० मध्ये त्या मंडळींना नवा संगणक मिळाला तो पेटंट विभागाची कागदपत्रं टाइप करून देण्याच्या कामासाठी, हे फार जणांना माहीत नसतं. एवढी मोठी प्रणाली, आणि तिला पहिला आधार मिळाला तो कारकुनी मजकुराचा!

दुसऱ्या प्रकारच्या खुणेचा विचारही याच काळात सुरू झाला. सप्टेंबर १९६७ मध्ये कॅनडाच्या सरकारी मुद्रणालयात विल्यम टनिक्लिफ यांनी एक मांडणी केली. मजकुरातली माहिती आणि तिचं बाह्य रूप या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात, असं तिचं सार होतं. दोनच वर्षांनी आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी ती कल्पना प्रत्यक्षात आणायला घेतली. गोल्डफार्ब शिक्षणानं वकील होते, आणि काम होतं कायद्याच्या कागदपत्रांचं. एकच कागद शोधता यावा, दुरुस्त करता यावा आणि छापताही यावा, अशी गरज होती. नुसत्या ‘ठळक’ अशा खुणेवरून संगणकाला ते कलम आहे की शीर्षक आहे, हे कसं कळणार? म्हणून त्यांनी ‘हे काय आहे’ ते सांगणाऱ्या खुणांची भाषा केली. तिचं जीएमएल हे नाव तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून आहे. तिच्यातूनच १९८६ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेली एसजीएमएल आली, आणि त्याच वंशात पुढे टिम बर्नर्स-ली यांची एचटीएमएल. आज तुम्ही मोबाइलवर जे पान उघडता, त्याच्या मागे या वकिलाच्या अडचणीचा वारसा आहे.

पण मला ज्यांच्याविषयी जास्त बोलायचं आहे ते गृहस्थ वेगळ्या वाटेनं इथे आले. डोनाल्ड क्नूथ. आडनावातला ‘क’ उच्चारायचा. जन्म १९३८, मिलवॉकी. वडील शाळेत जमाखर्च शिकवत, आणि त्यांचा छपाईचा छोटासा व्यवसायही होता. १९६२ मध्ये क्नूथ विद्यार्थिदशेत असतानाच ॲडिसन-वेस्ली या प्रकाशन संस्थेनं त्यांना एक पुस्तक लिहायला सांगितलं. ते पुस्तक वाढत वाढत सात खंडांची योजना झाली. ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ हे तिचं नाव. पहिला खंड १९६८ मध्ये, दुसरा १९६९ मध्ये, तिसरा १९७३ मध्ये. १९७४ मध्ये त्यांना ट्यूरिंग पारितोषिक मिळालं. म्हणजे आपल्या क्षेत्रात हा माणूस छत्तिसाव्या वर्षी शिखरावर होता.

हे पहिले खंड मोनोटाइप यंत्रावर जुळवलेले होते. वितळलेल्या शिशातून एकेक अक्षर ओतायचं आणि गणिताचा अवघड भाग कसबी माणसानं हातानं बसवायचा. ज्यांनी छापखाने पाहिले आहेत त्यांना माहीत असेल, गणिताचा मजकूर म्हटला की जुळारी कपाळाला हात लावतो. घातांक वर, त्याहून बारीक अंक त्याच्या खाली, मोठे कंस, अपूर्णांकाच्या रेघा. पाश्चात्त्य देशांतही या कामाला जादा दर पडत असे. सत्तरीच्या दशकात ही शिशाची यंत्रं आणि ती चालवणारे कारागीर दोन्ही कमी होत गेले, आणि त्यांच्या जागी प्रकाशचित्रणावर चालणारी स्वस्त यंत्रं आली. क्नूथ यांच्या दुसऱ्या खंडाची नवी आवृत्ती या नव्या पद्धतीनं जुळवली गेली, आणि मार्च १९७७ च्या अखेरीस तिची मुद्रितं त्यांच्या हातात आली. अक्षरांमधलं अंतर बिघडलेलं, अक्षरांची वळणं एकमेकांशी न जुळणारी. त्यांना ते बघवेना.

आपण असतो तर प्रकाशकाला एक खरमरीत पत्र लिहिलं असतं आणि गप्प बसलो असतो. त्याच सुमाराला क्नूथ यांच्या पाहण्यात डिजिटल यंत्रावर जुळवलेली पानं आली होती. त्या यंत्राच्या लेखी पान म्हणजे अतिशय बारीक चौकड्यांची जाळी. प्रत्येक चौकडीत एकतर शाई आहे किंवा नाही. एक किंवा शून्य. आणि एक-शून्याचा प्रश्न म्हटला की तो संगणकशास्त्राचा प्रश्न झाला, म्हणजे त्यांचाच! मे १९७७ मध्ये त्यांनी आराखडा लिहून काढला. पुढच्या वर्षी विद्यापीठातून रजा होती, तेवढ्यात काम उरकेल असा अंदाज होता. प्रत्यक्षात त्यांच्या आयुष्यातली जवळजवळ दहा वर्षं या कामानं घेतली. ज्या ग्रंथासाठी हे सुरू केलं, त्याचे पुढचे खंड खोळंबले.

या प्रणालीचं नाव टेक. तीन ग्रीक अक्षरं आहेत, टाऊ, एप्सिलॉन आणि खी. त्यामुळे शेवटचा उच्चार इंग्रजी ‘क्स’ नाही. आपल्या ‘ख’च्या जवळचा, घशातून येणारा आहे. मूळ शब्द तेख्ने. अ‍ॅरिस्टॉटलनं ‘निकोमाखीय नीतिशास्त्रा’च्या सहाव्या भागात याची चर्चा केली आहे. काहीतरी घडवण्याचं, विचारपूर्वक घडवण्याचं ज्ञान म्हणजे तेख्ने. कला आणि तंत्र असे दोन कप्पे तेव्हा झालेले नव्हते. संस्कृतातला तक्षन्, म्हणजे सुतार, हा याच धातुकुळातला. लाकूड तासून बेताचं करणारा. हे नाव निवडताना क्नूथ यांच्या मनात कला आणि तंत्र हे दोन्ही अर्थ होते.

आता त्यांनी केलं काय? चांगली गणिती छपाई कशाला म्हणायचं, हे कुठल्या पुस्तकात नियम म्हणून पूर्ण लिहिलेलं नव्हतं. ते ज्ञान जुळाऱ्यांच्या बोटांत होतं. गिल्बर्ट राइल या तत्त्वज्ञानं १९४९ मध्ये एक भेद ठळक केला होता : ‘अमुक आहे हे ठाऊक असणं’ वेगळं आणि ‘अमुक कसं करायचं हे येणं’ वेगळं. पोहायला येतं, पण कसं ते सांगा म्हटलं तर पंचाईत होते. क्नूथ यांनी उत्तम छपाईचे नमुने समोर घेतले. स्वतःच्या ग्रंथाचे जुने खंड, आणि १९१० च्या सुमाराचे ‘ॲक्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकाचे अंक. मग मोजमापं करून, जुळाऱ्यानं इथे असं का केलं असेल याचा शोध घेत घेत त्यांनी नियम बांधले. ज्या कारागिरीला बाजारानं मोडीत काढलं होतं, तिचं व्याकरण तिच्या अखेरच्या काळात कोणीतरी लिहून ठेवलं, असं मी या कामाकडे पाहतो. पाणिनीनं भाषा निर्माण केली नाही. लोक बोलत होते, त्यानं सूत्रं लिहिली. तसंच हे.

या व्याकरणाचा गाभा सोपा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. टेकच्या दृष्टीनं प्रत्येक अक्षर म्हणजे एक पेटी. तिला रुंदी असते, आणि ओळीच्या वर किती उंच, ओळीच्या खाली किती खोल, अशी मापं असतात. पेटीत ‘अ’ आहे की ‘ह’, त्याचं वळण कसं आहे, याची टेकला अजिबात पर्वा नाही. अक्षराची वळणं काढायला क्नूथ यांनी मेटाफॉन्ट नावाची वेगळी प्रणाली लिहिली. तिच्यात रोमन ‘एस’ या एका अक्षराच्या वळणानं त्यांना इतकं छळलं की १९८० मध्ये त्यांनी त्यावर स्वतंत्र निबंधच लिहिला. अक्षरं जोडून शब्दाची पेटी, शब्द जोडून ओळीची, ओळी जोडून पानाची. आणि पेट्यांच्या मधे असतो तो डिंक. ग्लू हा त्यांचाच शब्द. खरं तर त्याला स्प्रिंग म्हणायला हवं, कारण या डिंकाला एक नैसर्गिक माप असतं आणि तो ठरावीक प्रमाणात ताणतो किंवा आवळतो.

आता ओळ कुठे तोडायची? जुना जुळारी ओळीमागून ओळ जुळवायचा. ओळ भरत आली की शब्दांमधली जागा कमीजास्त करून ती घट्ट करायची आणि पुढच्या ओळीला लागायचं. मागची ओळ पुन्हा उसवणं परवडत नसे. मग एखादी ओळ गच्च आणि तिच्याखालची विरळ, असं व्हायचं. क्नूथ आणि त्यांचे विद्यार्थी मायकेल प्लास यांनी १९८१ मध्ये जी पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यात सबंध परिच्छेद एकदम डोळ्यांपुढे घेतला जातो. प्रत्येक ओळीतल्या ताणाला दोषांक दिला जातो. ताण दुप्पट झाला की दोष साधारण आठपट होतो, म्हणजे थोडी चूक माफ, मोठी चूक महाग. शब्द तोडला तर वेगळा दंड. मग सगळ्या परिच्छेदाचा एकूण दोष ज्यात सर्वांत कमी, ती मांडणी निवडायची. त्यामुळे शेवटच्या ओळीतल्या एका शब्दासाठी पहिली ओळ वेगळ्या ठिकाणी तुटू शकते. एका ओळीचं भलं सगळ्यांच्या भल्यातून ठरतं. हे मला नीतिशास्त्राच्या वर्गात सांगायला फार आवडलं असतं.

इथपर्यंत टेकनं उत्तम जुळारी दिला. पण हा जुळारी लेखकाच्या मानगुटीवर बसला! कुठे किती जागा, कुठला टाइप, सगळं लेखकानं सांगायचं. ‘हे काय आहे’ ही दुसऱ्या प्रकारची खूण टेकच्या जगात आणली लेस्ली लॅम्पोर्ट यांनी. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी टेकच्या आज्ञा एकत्र बांधून लाटेक तयार केलं आणि १९८६ मध्ये त्याचं पुस्तक आलं. लाटेकमध्ये तुम्ही उलटी तिरकी रेघ काढता, सेक्शन असा शब्द लिहिता आणि महिरपी कंसात प्रकरणाचं नाव देता. बस. ते ठळक असावं की तिरकं, त्याला क्रमांक कितवा, अनुक्रमणिकेत ते कुठल्या पानावर दाखवायचं, हे सगळं पुढे आपोआप होतं. मधे एक प्रकरण घातलं तर पुढचे सगळे क्रमांक आणि ‘पाहा प्रकरण अमुक’ असे सगळे उल्लेख बदलतात. ज्यांनी प्रबंधाच्या तळटीपांचे क्रमांक हातानं बदललेत, त्यांना याचं मोल वेगळं सांगायला नको.

ही कल्पना लॅम्पोर्ट यांनी बऱ्याच अंशी स्क्राइब नावाच्या प्रणालीवरून घेतली. ब्रायन रीड यांनी ती कार्नेगी मेलन विद्यापीठात केली होती आणि त्यावरचा त्यांचा प्रबंध १९८० चा. स्क्राइबचं पुढे काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. ती एका कंपनीला विकली गेली, आणि ठरावीक मुदतीनंतर आपोआप बंद पडण्याची सोय तिच्यात बसवण्यात आली. पैसे भरा आणि किल्ली घ्या. मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांना या प्रकारानं फार संताप आला होता. विचार म्हणून स्क्राइब आघाडीवर होती, पण आज ती वापरणारं कोणी नाही. टेक मात्र आहे. याचं कारण विचाराच्या पलीकडचं आहे, व्यवहारातलं आहे. क्नूथ यांनी टेक सर्वांना मोफत दिलं. एवढंच नाही, सबंध प्रोग्रॅम माणसाला वाचता येईल अशा टीपांसह पुस्तक म्हणून १९८६ मध्ये छापला. अट एकच : बदल करायचे तर करा, पण बदललेल्या वस्तूला टेक म्हणू नका.

आणि मग त्यांनी एक गोष्ट केली जी सॉफ्टवेअरच्या धंद्यात कोणी करत नाही. ‘झालं,’ म्हणून सांगितलं. १९९० मध्ये त्यांनी जाहीर केलं की आता नवीन काही भर घालणार नाही, फक्त चुका दुरुस्त करणार. टेकच्या आवृत्तीचा क्रमांक प्रत्येक दुरुस्तीबरोबर पायच्या किमतीकडे एकेक अंकानं सरकतो. ३.१, ३.१४, ३.१४१. आपल्या मृत्यूनंतर तो क्रमांक थेट पाय करावा, आणि तेव्हा ज्या चुका उरल्या असतील त्यांना वैशिष्ट्यं समजावं, अशी त्यांची इच्छा आहे. चूक दाखवणाऱ्याला बक्षीसही ठेवलं. २ डॉलर ५६ सेंटपासून सुरू होऊन ते दुप्पट होत होत ३२७ डॉलर ६८ सेंटांवर थांबलं. लोक तो धनादेश वटवत नसत, चौकट करून भिंतीवर लावत. आपल्या हातून झालेल्या चुकांची वही ते सुरुवातीपासून ठेवत होते. १९८९ मध्ये त्यांनी ती यादी छापली, तेव्हा तिच्यात आठशेहून अधिक नोंदी होत्या.

या अट्टाहासाला कारण आहे. आज लिहिलेली फाइल पन्नास वर्षांनी, दुसऱ्या कुठल्याही यंत्रावर चालवली तरी तीच ओळ त्याच ठिकाणी तुटली पाहिजे, हे त्यांचं ध्येय होतं. त्यासाठी टेक पानावरची सगळी मापं पूर्णांकांत मोजतं, आणि त्याचं सर्वांत लहान माप दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीहूनही कितीतरी लहान आहे. फाइल म्हणजे साधा टाइप केलेला मजकूर. टेक नष्ट झालं तरी ती डोळ्यांनी वाचता येते. भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्स्पार्ग यांनी १९९१ मध्ये शोधनिबंधांचा जो सार्वजनिक संग्रह सुरू केला, आजचा अर्काइव्ह, तो या गुणावरच उभा राहिला. निबंध साध्या ईमेलनं पाठवता येत होते, कारण ते साध्या अक्षरांत होते.

याच वर्षांत दुसरीकडे वेगळी वाट रुळत होती. झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १९७४ मध्ये ब्राव्हो नावाचा प्रोग्रॅम झाला, पडद्यावर दिसेल तसंच कागदावर देणारा. त्याच वाटेनं वर्ड आलं, पेजमेकर आलं. मी या वाटेची हेटाळणी करणार नाही. लाखो माणसांना तिनं लिहितं केलं. पण तिची सवय अशी की, दिसलं म्हणजे झालं. शीर्षक हवं? अक्षर मोठं करा, ठळक करा. आपल्याला ते शीर्षक आहे हे कळतं. यंत्राला फक्त ‘मोठं, ठळक’ एवढंच कळतं.

या सवयीची सर्वांत मोठी किंमत कोणी मोजली असेल तर ती आपल्यासारख्या भाषांनी. आपल्याकडे नव्वदच्या दशकात डीटीपी आलं तेव्हा बहुतेक मराठी फॉन्टांत युक्ती एकच होती. संगणकाच्या आत रोमन अक्षराचा क्रमांक, आणि त्याच्या जागी चित्र देवनागरीचं. पडद्यावर ‘क’ दिसतोय, पण यंत्राच्या पोटात तो ‘क’ नाहीच, कुठलं तरी इंग्रजी अक्षर किंवा चिन्ह आहे. शिवाय प्रत्येक फॉन्टाची किल्ली वेगळी. छापायला काही अडचण नव्हती, पानं सुरेख निघत. त्या काळातल्या स्मरणिका, गौरवग्रंथ, दिवाळी अंक, प्रबंध यांच्या फाइली तुमच्यापैकी कित्येकांकडे असतील. आज उघडून बघा. तो फॉन्ट नसेल तर स्वल्पविराम, डॉलर आणि इंग्रजी अक्षरांचा सडा पडलेला दिसेल. त्या मजकुरात तुम्ही शब्द शोधू शकत नाही, अकारविल्हे लावू शकत नाही. दिसणं होतं तोवर सगळं होतं. दिसणं गेलं आणि मागे काहीच उरलं नाही, कारण तिथे मराठी कधी नव्हतीच. मराठीचं चित्र होतं.

त्याच्या शेजारी दुसरी फाइल ठेवा. १९९१ मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स वेल्थुइस यांनी टेकसाठी देवनागरीची व्यवस्था केली. अक्षरांची वळणं मेटाफॉन्टमध्ये काढली आणि लिहिण्यासाठी रोमन लिप्यंतराची एक किल्ली ठरवली. दीर्घ ‘आ’साठी ‘ए’ हे रोमन अक्षर दोनदा. ‘ण’साठी ‘एन’च्या आधी टिंब. हे टाइप करणं काही सुखाचं नव्हतं. पण किल्ली उघड होती, एकच होती, आणि तिच्यात अक्षराचं चित्र नव्हे तर अक्षर लिहिलं जात होतं. तेव्हाची ती फाइल आज कुठल्याही संगणकावर उघडली तरी रोमन लिपीत सरळ वाचता येते, आणि पाहिजे तर क्षणात देवनागरीत आणता येते. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला, आणि त्या मांडणीचा पाया आयएससीआयआय हे भारतीय प्रमाण होतं. २००४ मध्ये जोनाथन क्यू यांनी झीटेक केलं. ते युनिकोड थेट वाचतं, म्हणजे आता मराठी मराठीतच टाइप करून टेकचा तो शहाणा जुळारी कामाला लावता येतो. तिरुवनंतपुरमला १९९८ पासून भारतीय टेक वापरणाऱ्यांचा गट आहे.

आता एक आक्षेप मीच घेतो. आशय निराळा, रूप निराळं, असं मी इतका वेळ म्हणत आलो. हे इतकं सरळ आहे का? कवितेची ओळ जिथे तुटते ती जागा आशयाचा भाग असते. गणितात दोनाचा आकडा क्षच्या वर लिहिला तर वर्ग, शेजारी लिहिला तर काहीतरी दुसरंच. तिथे जागा हाच अर्थ आहे. आणि मराठीत? ‘आचार्यांना जेवायला बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना जेवायला बोलवा’. रफार डोक्यावर गेला तर गुरुजी जेवायला येतात, कोयता होऊन बाजूला राहिला तर स्वयंपाकी. एवढ्याशा वळणावर पंगतीत कोण बसणार ते ठरतं! हिंदीला या कोयत्याची गरज नाही, आपल्याला आहे. म्हणून देवनागरीची यंत्रणा करणाऱ्यांना मराठीसाठी त्याची वेगळी तरतूद करावी लागली. रूप म्हणजे नुसता अंगरखा असता तर हे करावं लागलं नसतं.

म्हणून टनिक्लिफ यांचं सूत्र मी थोडं वेगळं मांडतो. रूपापैकी काही अर्थ असतं आणि काही सजावट. कुठलं काय, हे यंत्राला कळत नाही आणि पुष्कळदा आपणही ठरवलेलं नसतं. मजकुरात खूण करायची म्हणजे ते ठरवायचं आणि लिहून ठेवायचं. हा शब्द तिरका का आहे? तो ग्रंथाचं नाव आहे, की परका शब्द आहे, की मला त्यावर जोर द्यायचा आहे? पानावर तिन्ही सारखे दिसतील. लाटेकमध्ये जोर द्यायची आज्ञा वेगळी आहे आणि नुसत्या तिरक्या टाइपाची वेगळी. ती लिहिताना क्षणभर थांबून स्वतःला विचारावं लागतं, मला म्हणायचं काय आहे? संशोधक विद्यार्थी मला विचारतात की गणित नसलेल्या माणसानं हे कशाला शिकावं. मी त्यांना हेच सांगतो. सुंदर पानांसाठी शिकू नका, या थांबण्यासाठी शिका. आणि शिकायचं नसेल तर निदान एवढं करा : वर्डमध्ये शीर्षकाला शीर्षकाची शैली द्या, नुसतं ठळक करू नका, आणि मराठी युनिकोडमध्येच लिहा.

प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादात सॉक्रेटिसची लिखाणाविषयी एक तक्रार आहे. लिहिलेला शब्द पोरका असतो, त्याला प्रश्न विचारला तर तो उत्तर देत नाही, आणि त्याची बाजू मांडायला लेखक तिथे नसतो. दोन हजार वर्षांहून जास्त काळ आम्ही ही तक्रार शिकवत आलो. ती खरी आहे. पण मजकुरावर नीट केलेली खूण हे त्या तक्रारीचं एक अपुरं, नम्र उत्तर आहे. लेखक निघून गेल्यावरही ती सांगत राहते : हे शीर्षक होतं, हे दुसऱ्याचं वचन होतं, हे माझं मत होतं. पोरक्या शब्दाच्या खिशात घरचा पत्ता लिहून ठेवावा, तसं. आपल्या पिढीनं संगणकावर जे मराठी लिहिलं त्यातल्या बऱ्याचशा मजकुराच्या खिशात हा पत्ता नाही. ज्यांच्याकडे तशा फाइली आहेत आणि तो फॉन्ट अजून चालू आहे, त्यांनी त्या युनिकोडमध्ये आणून ठेवण्याचं काम या वर्षीच करावं, एवढी विनंती करतो आणि थांबतो.